क्रीक: आंबट चेरीची बेल्जियन बिअर, अमृत कोकम की आगळ?

ओसरीवरचा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:२०

चार वर्षं लूव्हेनमध्ये काढल्यावर क्रीकबद्दल माझं मत पक्कं झालं होतं: वाढदिवसाच्या केकसोबत द्यायची बिअर. परवाच्या सप्टेंबरात ते मत सासऱ्यांनी मोडीत काढलं. अण्णा दापोलीचे. बेल्जियमला पहिल्यांदाच आले होते, आणि बिअरच्या बाबतीत त्यांचा प्रश्न एकच असतो, 'गार आहे ना?'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. क्रीक हा फ्लेमिश शब्द, अर्थ आंबट चेरी. आपण केकवर ठेवतो ती पाकातली चेरी डोळ्यासमोर आणू नका (ती बरेचदा रंगवलेलं करवंदच असतं, पण तो वेगळा धागा). ही चेरी लहान, गडद लाल, आणि मूठभर खाल्ली तर दात आंबवणारी. ब्रसेल्समध्ये स्खारबेक नावाचा भाग आहे. आता तो शहरात पार मुरून गेलाय, पण एकेकाळी तिथे या चेरीची झाडं होती आणि शेतकरी गाढवांवर टोपल्या लादून बाजाराला यायचे. त्यावरून स्खारबेकला 'गाढवांचं गाव' हे नाव पडलं ते आजतागायत. गाढवं गेली, झाडंही जवळपास गेली. अस्सल स्खारबेकची चेरी आता इतकी कमी मिळते की बऱ्याच ब्रुअरीज पोलंडकडची आंबट चेरी आणतात.

ही चेरी लॅम्बिक नावाच्या बिअरमध्ये मुरवली की क्रीक झाली. घोटाळा यानंतर सुरू होतो. दुकानात 'क्रीक' लिहिलेल्या दोन बाटल्या एकाच फळीवर असतात, दोन्हींवर चेरीचं चित्र असतं, आणि आतल्या पेयांचं एकमेकांशी लांबचं नातं असतं.

मला आल्या आल्या भेटली ती पहिली. ब्रसेल्समध्ये पर्यटकांच्या गर्दीतलं एक कॅफे, नाव नको. ग्लास सुंदर, बिअर बर्फागत गार, लालभडक, गोडमिट्ट. इराण्याकडचा रास्पबेरी सोडा आठवला, फक्त बिल इराण्याचं नव्हतं. त्यानंतर मी क्रीकच्या वाटेला गेलो नाही.

ऑफिसातला एक सहकारी पायोटेनलंडचा, म्हणजे ब्रसेल्सच्या नैऋत्येला झेन्ने नदीच्या खोऱ्याजवळचा जो लॅम्बिकचा मुलूख, तिथला. त्याला मी हे सांगितलं तर त्याने हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाला, 'शनिवारी सासऱ्यांना घेऊन कांतियाँला जा. मग बोलू.'

कांतियाँ ही ब्रुअरी आंडरलेख्तमध्ये, ब्रसेल्सच्या मिडी स्टेशनपासून दहाएक मिनिटं चालत. १९०० साली सुरू झालेली, आणि १९७८ पासून तिथेच ग्योझ या बिअरचं (जुनं आणि तरुण लॅम्बिक मिसळून करतात ती) संग्रहालय. बाहेरून गोदाम वाटतं. आत गेलं की ओलं लाकूड, जुनं फळ आणि कुठेतरी व्हिनेगर, असा एकत्र वास. जिने चढत माळ्यावर गेलो तर तिथे तांब्याची भली मोठी, उथळ, चौकोनी परात. माझं गाव कराडकडचं. मी म्हटलं, ही तर गुऱ्हाळातली काहील!

सगळी गंमत त्या काहिलीत आहे. बार्लीचं माल्ट आणि साधारण एक तृतीयांश मोड न आणलेला गहू यांचं पाणी काढतात, त्यात दोन-तीन वर्षं जुने हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) टाकून तासन्‌तास उकळतात आणि संध्याकाळी ते काहिलीत ओततात. रात्रभर ते उघडं. कौलांखालच्या झडपांतून गार हवा येत राहते. यीस्टचं पाकीट कोणी फोडत नाही. हवेत, तुळयांवर, लाकडात जे काही राहतं ते आपणहून येऊन कामाला लागतं. सकाळी सगळं लाकडी पिंपांत, तिथे मुरून होतं ते लॅम्बिक. हा उद्योग फक्त थंडीत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्याच्या हवेत भलतेच पाहुणे येतात.

पिंपांच्या खोलीत कोळ्यांची जाळी लोंबत होती. फळाच्या वासाला माश्या येतात आणि कोळी त्यांचा बंदोबस्त करतात, म्हणून जाळी काढत नाहीत. बायकोने माझ्याकडे पाहिलं. 'आपल्याकडे पण याच कारणाने राहतात का?'

उन्हाळ्यात चेरी आली की जवळपास दोन वर्षं मुरलेल्या लॅम्बिकमध्ये बियांसकट पडते. कांतियाँचं प्रमाण लिटरला २०० ग्रॅम. काही महिन्यांनी फळाचा रंग, रस, सगळं निघून येतं. मग त्यात थोडं तरुण लॅम्बिक घालून बाटली बंद. तरुण लॅम्बिकमध्ये जी साखर शिल्लक असते तिच्यावर बाटलीत पुन्हा आंबणं होतं आणि फसफस येते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, घरी तीन बाटल्या मांडल्या. सोबत ब्रेड, मुळ्याच्या चकत्या, कांद्याची पात आणि प्लाटेकास, म्हणजे आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारं ताजं पांढरं चीज. हे खाणं इथल्या जुन्या कॅफेंतलंच आहे. अण्णांनी मुळ्यावर मीठ टाकलं आणि म्हणाले, 'हां, लाव.'

पहिली लिंडेमान्सची क्रीक, ३.५%. टोपण उडालं, गुलाबी फेस वर आला. वास थेट चेरीच्या सरबताचा. अण्णांनी अर्धा ग्लास एका दमात संपवला. 'अमृत कोकम आहे हे. बरंय. बायकांना आवडेल.' (सासूबाई आणि बायको दोघी समोर बसल्या होत्या. पुढचं संभाषण देत नाही.)

दुसरी बोन यांची औडे क्रीक, ६.५%. छोटी शॅम्पेनसारखी बाटली, बुचावर तार. बूच निघताना छतापर्यंत गेलं नाही, पण तयारी होती. रंग डाळिंबाच्या दाण्याचा. नाकाशी नेल्यावर चेरीमागून बदामाचा वास आला, तो बियांचा. मग लाकूड. घोट घेतला की आधी फळ, मग आंबट, आणि गिळल्यावर जीभ कोरडी. अण्णा आता सावकाश पीत होते. दोन घोटांनंतर एवढंच म्हणाले, 'याने साखर हात राखून घातलीय.'

तिसरी कांतियाँ. हिच्यावर टोपण, टोपणाखाली बूच. दोन्ही सोपस्कार झाल्यावर मी हळू ओतली, तळाचा गाळ मागे ठेवून. रंग दुसरीपेक्षा फिका, माणकासारखा. फेस आला तसा विरला. वास म्हणाल तर पहिल्यांदा चेरी सापडेचना. ओलं गोणपाट, लिंबाची साल, बंद माळा. अण्णांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. कानशिलं आवळलेली दिसत होती. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघतोय. मला वाटलं, आता 'नासलीय' म्हणणार.

त्यांनी दुसरा घोट घेतला, तोंडात फिरवला.

'आगळ,' म्हणाले. 'मीठ नाही एवढंच.'

आणि ती बाटली त्यांनी संपवली. बोनची थोडी उरली, लिंडेमान्सची दुसरी बाटली अजून फ्रीजमध्ये आहे.

मला चार वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्या एका शब्दात कळलं. साखरेत मुरवलेलं अमृत कोकम आणि मिठातलं आगळ, दोन्हींचं फळ एकच, पण एकाची अपेक्षा ठेवून दुसरं तोंडात घेतलं तर माणूस थुंकेल. माझं त्या कॅफेत उलटं झालं होतं. बाटली घेताना 'औडे' हा शब्द बघा. शब्दाचा अर्थ नुसता 'जुनी'. पण १९९७ पासून युरोपीय संघात 'औडे क्रीक' या नावाला संरक्षण आहे. लॅम्बिकवरची, बाटलीत पुन्हा आंबलेली आणि वरून गोड न केलेली, तिलाच ते नाव. कांतियाँसारखे काही जण हा शब्द लिहीत नाहीत, पण करतात तेच.

इथे कोणी चाखलीय का? भारतात कुठे मिळते का?

---

चिंचगुळ | शनिवार, रात्री ११:५८

मस्त लिहिलंय. अण्णांना दंडवत.

एक शंका. यीस्ट टाकतच नाहीत म्हणजे दर वेळची चव वेगळी येत असणार ना? धंदा कसा चालतो मग? आमच्याकडे इडलीचं पीठ एका दिवशी फुगतं, दुसऱ्या दिवशी रुसतं, तर घरात बोलणी बसतात.

---

ओसरीवरचा | रविवार, सकाळी ९:१०

@चिंचगुळ, वेगळी येतेच. म्हणून खरा मानाचा माणूस मिश्रण करणारा. प्रत्येक पिंपातलं चाखून तो ठरवतो की याचं ग्योझ होईल, याच्यात चेरी जाईल, आणि हे पिंप ओतून द्यायचं. इथे असेही लोक आहेत जे स्वतः लॅम्बिक उकळत नाहीत. तयार वॉर्ट, म्हणजे न आंबलेलं माल्टचं पाणी, किंवा लॅम्बिक विकत आणतात, आपल्या पिंपांत मुरवतात आणि मिश्रण करून विकतात. द्वोर्पचे हान्सेन्स त्यांतलेच.

आणि हो, एकाच वेळच्या बाटल्यांतही फरक पडतो. आम्ही नंतर आणखी एक कांतियाँ आणली, ती अण्णांवाल्या बाटलीपेक्षा मवाळ निघाली.

---

रानवाट | रविवार, सकाळी १०:३२

मी डिचोलीचा. तुमचं 'यीस्ट कोणी टाकत नाही' वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे सूर कोण आंबवतो? माडावरून उतरला की तासाभरात आपला आपण फसफसायला लागतो. सकाळचा गोड, दुपारचा चढलेला, दुसऱ्या दिवशी व्हिनेगर. जुन्या बायका सान्नांच्या पिठात सूरच घालायच्या, यीस्ट नंतर आलं. काजूचंही तेच. बोंडांचा रस कोळंब्यात ठेवला की तीनेक दिवसांत आंबतो, मग भट्टीवर चढतो, पहिल्या धारेचा हुर्राक.

फरक एवढाच वाटतो की आम्हाला घाई. सूर संध्याकाळपर्यंत संपवायचा असतो. दोन वर्षं पिंपात ठेवून गप्प बसायचं, ही सहनशक्ती आमच्या हवेत नाही. तीस डिग्रीत ठेवून बघा, दोन महिन्यांत लोणच्यात घालायच्या लायकीचं होईल.

जाता जाता, अण्णांना 'बायकांना आवडेल'बद्दल काय शिक्षा झाली ते सांगा.

---

पाटावरवंटा | रविवार, दुपारी १:१५

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. प्रतिसाद लांबणार.

चिंचगुळ, इडलीचं उदाहरण अगदी बरोबर जागी बसतं, फक्त तिथे एक रात्र आणि इथे दोन-तीन वर्षं. लॅम्बिकच्या पिंपात पाळीपाळीने वेगवेगळी मंडळी राज्य करतात. पहिले काही आठवडे आतड्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद आणि रानटी यीस्ट. त्या काळात त्याला जो वास येतो तो जेवताना सांगण्यासारखा नाही. मग आपलं नेहमीचं बिअरचं यीस्ट, सॅकरोमायसीस, ते काही महिन्यांत सोपी साखर खाऊन टाकतं आणि अल्कोहोल करतं. उन्हाळा आला की पेडिओकॉकस नावाचा जिवाणू वाढतो. तो लॅक्टिक आम्ल करतो, म्हणजे ताकातलाच आंबटपणा. कधी कधी तो बिअर चक्क तार सुटण्याइतकी बुळबुळीत करतो. शिळी भेंडीची भाजी आठवा. जुने लोक म्हणत, बिअर आजारी पडली.

आणि तिला बरं करतं ते चौथं पात्र, ब्रेटॅनोमायसीस. हे यीस्ट फार सावकाश चालतं, पण इतरांनी टाकून दिलेली अवघड साखरही खातं आणि ती तारही मोडतं. धागाकर्त्याला जे 'ओलं गोणपाट' वाटलं ते याचंच काम. इंग्रजीत त्याला घोड्याच्या घोंगडीची उपमा देतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये इंग्लिश बिअरमधून ते वेगळं काढलं म्हणून नावात ब्रिटन आलं. लॅम्बिकमधल्या प्रजातीला मात्र ब्रुक्सेलेन्सिस म्हणतात, ब्रसेल्सवरून. वाइन करणाऱ्यांसमोर हे नाव काढून बघा. त्यांच्या लेखी हा गादीतला ढेकूण.

जुन्या हॉप्सचं कारणही यातच आहे. ताजे हॉप्स कडू आणि सुगंधी. दोन-तीन वर्षं ठेवले की कडवटपणा बराच जातो, पण जिवाणूंना आवर घालायची ताकद थोडी उरते. त्यामुळे आंबटपणा एकदम न चढता हळूहळू चढतो. म्हणजे रानवाट, तुमच्या सुराला जो लगाम नाही तो यांच्याकडे आहे: थंडी आणि शिळे हॉप्स.

एक दुरुस्ती. 'हवेतून येतं' हे अर्धंच खरं आहे. पिंपांच्या लाकडात पिढ्यान्‌पिढ्या जे राहतं त्याचा वाटा मोठा आहे. झेन्नेच्या हवेचं कौतुक करताना हेही लक्षात ठेवा की ब्रसेल्समधली झेन्ने एकोणिसाव्या शतकातच इतकी घाण झाली होती की १८६७ ते १८७१ मध्ये शहरातला तिचा प्रवाह वरून झाकून टाकला.

---

सुकट | रविवार, दुपारी २:०४

थोडक्यात: घाण नदी, आतड्यातले जिवाणू, कोळ्यांची जाळी, भेंडीची तार, घोड्याची घोंगडी. आणि हे सगळं युरोप सोसून प्यायचं. आम्ही आपले गल्लीतल्या बारमध्ये थंडगार बाटली आणि खारे शेंगदाणे घेऊन सुखी. हलके घ्या.

---

पाटावरवंटा | रविवार, दुपारी २:१९

@सुकट, तुमच्या नावाचा पदार्थ कसा करतात ते लिहू का?

---

सुकट | रविवार, दुपारी २:२१

नको. माघार.

---

डोंगरमाथा | रविवार, रात्री ८:४७

विस्कॉन्सिनमधून. क्रीक म्हटल्यावर इथल्या न्यू ग्लेरस ब्रुअरीचं नाव घेतलं नाही तर शेजारी वाळीत टाकतील. त्यांची 'विस्कॉन्सिन बेल्जियन रेड' म्हणून बिअर आहे. मोठी बाटली, आणि एका बाटलीमागे पौंडाहून जास्त चेरी. चेरी इथल्याच डोअर काउंटीची, माँटमोरेन्सी जातीची, तीही आंबटच. डोअर काउंटी म्हणजे मिशिगन सरोवरात घुसलेलं जमिनीचं लांबट बोट. जुलैत तिथे बादली घेऊन चेरी तोडायला जायची पद्धत आहे. आम्ही पोरांना घेऊन जातो, येताना शर्ट फेकून द्यायच्या लायकीचे झालेले असतात.

ही ब्रुअरी राज्याबाहेर बिअर विकतच नाही. त्यामुळे शिकागोहून येणारा प्रत्येक मराठी पाहुणा जाताना डिकीत खोका घालून जातो. भारतात पेढे न्यावेत तसं.

चव सांगायची तर ओसरीवरचा यांच्या तराजूत ती अमृत कोकमाच्या बाजूला झुकेल. गोड आहे, भरपूर गोड. पण रास्पबेरी सोडा नाही. ग्लासात नाक घातलं की चेरी पायची सगळी भट्टी समोर उभी राहते: फळ, बदाम, दालचिनीसारखं काहीतरी. आंबटपणा मागून येतो आणि गोडाला जागेवर ठेवतो. मी कांतियाँही प्यायलोय, मिलवॉकीत एका मित्राने सात वर्षं जपून ठेवलेली. खरं सांगतो, चेरी कुठे होती ते मला सापडलं नाही. सगळे 'अहाहा' करत होते म्हणून मीही केलं.

---

ओसरीवरचा | रविवार, रात्री ९:३०

@डोंगरमाथा, सात वर्षं हीच गोची झाली. क्रीकमधलं फळ टिकत नाही. वर्ष-दोन वर्षांत ताजी चेरी मागे पडते आणि खालचं लॅम्बिक वर येतं. ग्योझ ठेवावी वीस वर्षं, क्रीक लवकर फोडावी असं इथले बरेच जण सांगतात. तुमच्या मित्राने चेरी जपली आणि चेरीच गेली.

@रानवाट, शिक्षा: मुक्काम संपेपर्यंत रोजचा चहा अण्णांनी केला.

---

हातखंबा | सोमवार, सकाळी ११:०५

पुण्यात कोकम घातलेली आंबट बिअर एका टॅपरूममध्ये प्यायलोय, मस्त लागली होती. पण ती महिनाभरात तयार होते, लॅक्टोबॅसिलस मुद्दाम घालून वॉर्ट आधीच आंबट करून घेतात. हे दोन-तीन वर्षांचं प्रकरण वेगळं दिसतंय.

प्रश्न बियांचा. चेरीच्या बियांत सायनाइड असतं ना? बियांसकट महिनोन्‌महिने ठेवतात हे वाचून पोटात गोळा आला.

---

पाटावरवंटा | सोमवार, दुपारी ४:४०

@हातखंबा, बियांच्या आतल्या गरात अमिग्डालिन असतं. ते फुटलं की दोन गोष्टी निघतात: बेंझाल्डिहाइड, ज्याचा तो बदामाचा वास, आणि थोडं हायड्रोजन सायनाइड. कडू बदाम, जर्दाळूचा कडू गर, सगळ्यांत हेच. क्रीकमध्ये बिया अख्ख्या राहतात, कवच कोणी फोडत नाही, म्हणून वास येतो आणि भीतीचं कारण राहत नाही. घरी कुणाला चेरीचं किंवा आलुबुखारचं काही मुरवायची हौस असेल तर मिक्सरमध्ये बिया घालू नका, एवढंच. (आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही, हेही मास्तरीणबाईच्या भूमिकेतून सांगते.)

---

जुनाजोगी | सोमवार, रात्री १०:१२

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, तेही भांडायला.

मी ९० च्या दशकात तीन वर्षं ब्रसेल्सला होतो. ओसरीवरचा यांचा सूर असा लागलाय की खरी क्रीक आंबट, आणि गोडवा ही कारखान्यांनी पर्यटकांसाठी केलेली भेसळ. मी ज्या जुन्या कॅफेंत बसायचो तिथले म्हातारे काय करायचे माहीत आहे? लॅम्बिक किंवा क्रीक मागवली की सोबत साखरेचे खडे यायचे आणि एक धातूची दांडी, तळाशी चपटी. तिला स्टुम्पर म्हणतात. ग्लासात खडा टाकायचा, दांडीने ठेचायचा, ढवळायचं आणि प्यायचं. आणि फारो नावाचं पेय तर लॅम्बिकमध्ये साखर घालूनच करतात. तेही आजचं नाही. म्हणजे आंबट-कोरडी क्रीक भुवया वर करून पिणारी मंडळी ही अलीकडची, आणि साखर घालून पिणारे आजोबा जुने.

सगळ्या गोड क्रीक एका पंक्तीला बसवू नका. औडेनार्डेच्या लीफमान्सची क्रीक लॅम्बिकवरची नाहीच, ती तिथल्या तपकिरी बिअरवर करतात. थोडी गोड, थोडी आंबट, हिवाळ्याच्या संध्याकाळी चॉकलेटसोबत सुरेख लागते. तिला आगळाच्या मापाने मोजणं म्हणजे श्रीखंडाला ताक नाही म्हणून नावं ठेवणं.

अवांतर: ब्रसेल्समध्ये 'आ ला मॉर सुबित' नावाचं कॅफे आहे, आतून अजून जुन्या वळणाचं. अर्थ 'आकस्मिक मृत्यू'. घाबरू नका, तो फाशांच्या खेळातला शब्द. आधीच्या कॅफेत जवळपासचे नोकरदार दुपारी फासे खेळायचे आणि ऑफिसला परतायची वेळ झाली की शेवटचा एक झटपट डाव टाकायचे, त्याला म्हणायचे मॉर सुबित. तेच नाव कॅफेला लागलं, मग बिअरलाही.

---

चिंचगुळ | सोमवार, रात्री १०:३०

जुनाजोगी, तुम्ही भांडायला रोज या.

---

ओसरीवरचा | मंगळवार, रात्री १२:१५

@जुनाजोगी, अर्धी माघार. स्टुम्पर मी कांतियाँच्या संग्रहालयात पाहिला आणि तो भरताचं वांगं ठेचायचा असेल अशा थाटात पुढे गेलो. साखरेच्या खड्यांचं मान्य. लीफमान्सचंही मान्य, ती मी या तुलनेत मुद्दाम घेतली नव्हती, पण लिहायला हवं होतं.

पण एक फरक धरून बसणार. त्या आजोबांच्या ग्लासात आधी आगळ होतं. किती साखर ठेचायची ते त्यांच्या हातात. मला त्या कॅफेत पाक करूनच दिला होता आणि वर सांगितलं की आमची क्रीक अशीच असते. कोकम सरबतात साखर घालायला माझी ना नाही. फक्त बरणीवर आगळ लिहून आत अमृत कोकम भरू नये.

आत्ताच प्रयोग केला. बोनची औडे क्रीक, साखरेचा एक खडा, स्टुम्पर नव्हता म्हणून रवी. खडा पडताच फेस ग्लासाबाहेर, टेबलावर, लॅपटॉपच्या दिशेने. जे उरलं ते चांगलं लागलं, पण फसफस पार बसली होती. मग लक्षात आलं की आजोबांचं लॅम्बिक पिंपातून आलेलं असायचं, जवळपास विनाफेसाचं. बाटलीतल्यावर हा खेळ करू नका. करायचाच तर बेसिनमध्ये.

---

रानवाट | मंगळवार, सकाळी ८:२०

रवी! आता ताकाचा वास येणार त्या रवीला की रवीचा वास बिअरला?

@ओसरीवरचा, कोणत्या तापमानाला पिता? सुरुवातीला 'गार आहे ना' म्हणालात, नंतर विषय राहिला.

---

ओसरीवरचा | मंगळवार, सकाळी ८:५५

गोडवाली फ्रीजमधून. औडेवाली १२ अंशांच्या आसपास. आमच्या इमारतीच्या तळघरात तेवढंच असतं. फार गार केली की नुसता आंबटपणा उरतो, वास सगळे झोपतात. बाटली आडवी असेल तर आदल्या दिवशी उभी करा, गाळ खाली बसतो. इथे जुन्या पद्धतीने वाढायचं तर बाटली वेताच्या टोपलीत आडवी ठेवून त्या टोपलीतूनच ओततात, गाळ हलू नये म्हणून.

---

हातखंबा | मंगळवार, सकाळी ११:३०

येताना आणता येईल का दोन-तीन? विमानात फुटतात का?

---

ओसरीवरचा | मंगळवार, दुपारी १:०२

कस्टम्सची दोन लिटरची करमुक्त मर्यादा आहे, बिअरही त्यातच धरतात. ७५ सेंटिलिटरच्या दोन आणि ३७.५ ची एक, बसतात. तारेच्या बुचाच्या बाटल्या जाड काचेच्या असतात, मी त्या स्वेटरात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाकतो. मागच्या खेपेला एक टोपणवाली गळाली. दोष माझाच, टोपण वाकलेलं दिसत होतं. आईची साडी गुलाबी झाली. आधी ती पांढरी होती.

अण्णा परत जाताना बोनची एक छोटी बाटली घेऊन गेले. काल फोन आला. बाटली माळ्यावर ठेवलीय, आगळाच्या बाटल्यांच्या रांगेत, आडवी. मी म्हटलं, अण्णा, दापोलीच्या उकाड्यात ठेवू नका, आणि फार दिवस तर मुळीच नको, फळ जाईल. तर म्हणाले, 'मेमध्ये रातांबे उतरले की नवं आगळ काढणार. दोन्ही शेजारी ठेवून प्यायचीय. तोवर थांबेल की नाही ती?'

मी सांगितलं, फ्रीजमध्ये ठेवा.

'फ्रीजमध्ये तुझ्या सासूचे मोदक आहेत,' म्हणाले आणि फोन ठेवला.

---

सुकट | मंगळवार, दुपारी १:१०

मेमध्ये दापोलीला कट्टा करायचा का? शेंगदाणे मी आणतो.